तहान तेवढी माझी

सर, या लेखात तुमचं नाव मी कुठेही लिहिणार नाही. तशी गरजही नाही म्हणा. तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत शिकागोपासून डब्लिनपर्यंतच्या पेपरांत तुमचं नाव इतक्यांदा छापून आलंय की माझ्या एकीच्या न लिहिण्यानं तुमचं काही अडणार नाही. पण मी ते विसरले नाहीये, मुद्दाम लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. कारण तुम्हाला माहीत आहे.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्ही जिवंत असताना बोलायला आले होते, तेव्हा समोरचा चहा थंडगार होईपर्यंत तुम्हीच बोलत बसलात. आता तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही, ही त्यातल्या त्यात एक सोय झाली.

तुमच्या वर्गात मी आले तीच मुळात चुकून. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी बाई. शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचं, सकाळी सहाला ड्यूटीवर जायचं, घरी येऊन पोळ्या लाटायच्या. आमच्या सुपरवायझरनं एकदा तोंडावर सांगितलं की तुझ्या रिपोर्टचं इंग्रजी कच्चं आहे. म्हणून मी कॉलेजच्या कॅटलॉगात ‘संध्याकाळचा लेखनवर्ग’ एवढंच वाचलं आणि फॉर्म भरून टाकला. मला वाटलं, रिपोर्ट लिहायला शिकवतील. गुरुवारी येऊन बघते तर काय, पांढऱ्या केसांचा एक उंच आयरिश माणूस खिडकीशी उभा राहून कविता म्हणतोय! बाजूच्या मुलीनं कानात सांगितलं, हे फार मोठे कवी आहेत, यांच्या देशात शाळेतली मुलं यांच्या कविता पाठ करतात. मी बॅग उचलून निघतच होते. तेवढ्यात तुम्ही नाव विचारलंत.

मी म्हटलं, “रत्ना. रत्ना इज ओके.”

तुम्ही म्हणालात, “ओके नको. पूर्ण नाव सांग.”

मी सांगितलं, रत्नमाला. तुम्ही म्हणून पाहिलंत, चुकलात, परत म्हणालात. मग अख्ख्या वर्गाला म्हणायला लावलंत. चौदा माणसं एका सुरात माझं नाव म्हणत होती, आणि नीट येईपर्यंत तुम्ही कुणाला सोडलं नाहीत. अमेरिकेत येऊन मला आठ वर्षं झाली होती सर, आणि माझं अख्खं नाव कुणी उच्चारल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत की तुमच्या देशात इंग्रज मोजणी करायला आले आणि नकाशावर गावागावाची नावं त्यांना जमतील तशी लिहून गेले. नाव बिघडवलं की जमीन घेणं सोपं जातं, असं तुम्ही म्हणालात. मी ते वहीत लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि आता ती मी तुमच्याच विरुद्ध उघडून बसले आहे.

तुमचे उपकारही आहेत, ते नाकारायची नाही मी. खोटं बोलायला मला माझ्या आईनं शिकवलेलं नाही. तुम्ही मला लिहायला लावलंत. मी लॅबबद्दल काहीतरी लिहून आणलं की तुम्ही कागद परत करायचात आणि म्हणायचात, हे कुणीही लिहील, तुझ्या आईबद्दल लिही. मग एकदा मधल्या सुट्टीत, त्या कॉफीच्या मशीनपाशी उभं राहून मी तुम्हाला विहिरीचं सांगितलं. आमची वस्ती गावाबाहेर. विहीर गावात. आमच्या जातीच्या बाईनं विहिरीवर चढायचं नाही, घागर घेऊन खाली उभं राहायचं आणि वरच्या कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. नाही आली तर उन्हात तसंच उभं राहायचं. तुमचे डोळे भरून आले होते. ते अश्रू खोटे नव्हते, हे मी आजही कुणापुढेही सांगेन. खोटे असते तर मला एवढा राग आलाच नसता.

पुढे तुम्ही आणि मॉरा, तुमच्या मिसेस, एका रविवारी आमच्याकडे जेवायला आलात. मी नागपुरी रस्सा केला होता, तर्रीवाला. मिलिंद, माझा नवरा, मला सारखा सांगत होता की अगं तिखट कमी कर, गोरी माणसं आहेत. मी कमी केलं नाही. तुम्ही घाम पुसत पुसत दोनदा वाढून घेतलंत. जेवण झाल्यावर मी तुम्हाला आईची कॅसेट ऐकवली. माझी आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आणि तोंडानं गाणं. लिहितावाचता येत नाही तिला, गाणी मात्र स्वतःची जुळवते. मी अमेरिकेला निघाले तेव्हा ती टेप करून आणली होती. घरची आठवण आली की लावायची. त्यातलं एक मी तुम्हाला कागदावर इंग्रजीत करून दिलं:

*इहीर गावाची, दोर गावाचा,*
*तहान तेवढी माझी वं माय.*
*लेक शिकन, इहीर खंदन,*
*मंग कोनी मले अडवन काय?*

विहीर गावाची, दोर गावाचा, माझी म्हणावी अशी फक्त तहान. लेक शिकेल, विहीर खणेल, मग मला कोण अडवणार आहे? तुम्ही तो कागद दोनदा वाचलात. मग म्हणालात, ही ओळ मला मिळाली असती तर मी दहा वर्षं आनंदानं घालवली असती.

आणि इथे माझी चूक झाली. अगदी आमच्या घरातली चूक. आमच्याकडे पाहुण्यानं एखाद्या वस्तूची तारीफ केली की यजमानानं म्हणायचं, “आवडलं? मग घेऊन जा ना, तुमचंच आहे.” आणि पाहुण्यानं म्हणायचं, “छे छे, नको हो, तुमच्याकडेच शोभतं.” शेजारच्या काकू आईच्या स्टीलच्या डब्याची तारीफ करायच्या, आई डबा त्यांच्या हातात कोंबायची, काकू तो परत ठेवायच्या. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, डबा कधी घराबाहेर गेला नाही. देणाऱ्यानं द्यायचं आणि घेणाऱ्यानं नको म्हणायचं, अशी ती रीत. मी सवयीनं म्हणून गेले, “घ्या ना सर, तुमचंच आहे.”

तुम्ही थँक्यू म्हणालात. कॅसेट एका खिशात, कागद दुसऱ्या खिशात. मी दारापर्यंत सोडायला गेले तरी वाटत होतं, आता म्हणतील, अगं गंमत केली, ही घे. सरांकडे परत कशी मागायची? गुरू ना तुम्ही! मागितली नाही.

दीड वर्षानं तुमचं नवं पुस्तक आलं. पुस्तकाच्या दुकानात वाचन होतं, मला खास बोलावणं होतं, मी निळी सिल्कची साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. तुम्ही चष्मा लावलात आणि म्हणालात, ही कविता माझ्या आजीची. जमीनदाराच्या विहिरीवर ती घागर घेऊन उभी असायची. आणि मग वाचलंत. विहीर त्यांची, दोर त्यांचा, तहान तेवढी माझी. इंग्रजीत मी लिहून दिलेली ओळ, जशीच्या तशी, त्यातला एक शब्दसुद्धा तुम्ही हलवला नव्हता. आईच्या जागी तुमची आजी, बिड्यांच्या जागी लोकर, आमच्या उन्हाच्या जागी तुमचा पाऊस. शेवटी आजी तहानलेलीच मरते. आणि सर, पहिली टाळी माझी होती. लाज वाटते सांगायला. सरांचं वाचून झालं की टाळी वाजवायची, हात आपोआप वाजले. बाकीचे मागून वाजवायला लागले.

घरी येताना हायवेवर मी मिलिंदला सांगितलं. तो ड्राइव्ह करत होता. म्हणाला, “जाऊ दे ना यार. मोठा माणूस आहे. तुझ्या आईला काय कळणार आहे?”

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

त्या कवितेनं तुम्हाला काय काय मिळवून दिलं ते मी मोजत बसत नाही. मोठं बक्षीस मिळालं, टीव्हीवर मुलाखत झाली. तुमच्या देशातल्या गावोगावच्या म्हाताऱ्यांनी पत्रं लिहिली की आमचीही आजी अशीच होती. असेलही. पण तिनं ती ओळ म्हटली नव्हती ना! आयत्या बिळावर नागोबा तो हाच.

मग मी तुम्हाला डेव्हनवर, त्या आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, चहाला बोलावलं. ते साडीच्या दुकानाशेजारचं छोटं हॉटेल, आठवतंय? तुम्ही समोसा फोडत होतात. मी तीन रात्री पाठ केलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली. तुम्ही म्हणालात, “पण रत्नमाला, ते तूच मला दिलंस. तुमचंच आहे म्हणालीस.”

मी रीत सांगितली. डबा सांगितला. तुम्ही हसलात. मग तुमचं ते व्याख्यान सुरू झालं. लोकगीताला मालक नसतो, ते वाऱ्यासारखं असतं, या गावातून त्या गावात जातं. तुझी आई आणि माझी आजी एकच बाई आहे. सगळीकडचे गरीब एकच गाणं गातात.

मी म्हटलं, “माझी आई म्हणजे लोक नाही, सर. तिला नाव आहे. तुम्ही ते विचारलंतसुद्धा नाही.”

तुम्ही तोंड उघडलंत. काय म्हणणार होतात, देव जाणे. तेवढ्यात खिडकीतून मला माझ्या गाडीपाशी दंडाचं तिकीट लिहिणारी बाई दिसली, पार्किंगचं मीटर संपलं होतं, मी पर्स घेऊन बाहेर पळाले. तिकीट चुकलं नाहीच. परत आत यायला माझे पाय वळेनात. काचेतून तुम्ही दिसत होतात, माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. आपलं भांडण तिथेच राहिलं. तीन वर्षं तिथेच आहे.

आणि आता ते सांगते, जे मी मिलिंदलाही सांगितलेलं नाही. तुम्ही आजारी असताना तुमचा फोन आला होता. मी घरी नव्हते, फोनच्या आन्सरिंग मशीनवर निरोप होता. “रत्नमाला,” पूर्ण नाव, नीट उच्चारलेलं. “मला तुला विचारायचं होतं की तुझ्या आईचं...” मग खोकला. बराच वेळ खोकला. आणि मशीन बंद झालं.

मी तो निरोप सात-आठ वेळा ऐकला. तुमचा नंबर मला पाठ होता. फोन केला नाही. मला वाटलं, राहू दे. माझी आई उन्हात घागर घेऊन उभी राहायची ना, कुणीतरी वरून ओतेल म्हणून? तुम्हीही जरा उभे राहा. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. याचं मला वाईट वाटतं का? वाटतं. केलं ते चुकलं का? ते अजून ठरत नाही. बसची वाट पाहताना, लॅबमध्ये नळ्या हलवताना मी त्या वाक्याचा शेवट करून बघते. “आईचं नाव काय” असं असेल. “आईचं कसं चाललंय” असंही असेल. माझं ते फोन न करणं मला जन्मभर पुरेल, एवढी सोय तुम्ही करून गेलात, सर. शेवटपर्यंत हुशार.

चौथ्या दिवशी मॉराचा फोन आला. बिचारीचा आवाज बसला होता. म्हणाली, सभा ठेवली आहे, त्याचे विद्यार्थी त्याची ती विहिरीची कविता आपापल्या भाषेत वाचणार आहेत, तू तुझ्या भाषेत भाषांतर करशील का? माझ्या आईचं गाणं मी मराठीत भाषांतर करायचं! हसावं की रडावं! तिला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, “करते.” त्या क्षणी मी ठरवलं की आता सोडायचं नाही.

आई सध्या इथेच आहे, सहा महिन्यांसाठी आली आहे. तिला मी आजवर काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चहा दिला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुमची कविता मराठीत करून वाचून दाखवली. मला वाटलं, रडेल. नाहीतर म्हणेल, जाऊ दे माय, मेलेल्या मानसाशी काय भांडतं. ती बशीतला चहा फुंकत ऐकत होती.

“अन् लेक?” तिनं विचारलं. “त्याच्या गान्यात लेक शिकत नाही का?”

म्हटलं, नाही. लेक नाहीच आहे त्यात. आजी तहानेनं मरते.

आईनं बशी खाली ठेवली. “मरते? कायले मरते? मी जित्ती हाव ना! अन् तू शिकली ना! इहीर खंदली ना!”

खरंच की हो, सर. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं. इथे नोकरी लागल्यावर मी सगळ्यात आधी वस्तीत बोअर खणून दिली होती. हातपंप बसला त्या दिवशी आईनं पहिली घागर भरली आणि विहिरीपर्यंत नेऊन गावाला दाखवून आणली. त्या चार ओळींतल्या शेवटच्या दोन म्हणजे मी होते. तुम्ही आईचं नाव तर लिहिलंतच नाही, आणि मलाही कापून टाकलंत. इतके दिवस मी फक्त चोरीचा राग धरून बसले होते, ही दुसरी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. दुःखी कविता चांगली दिसते, म्हणून तुम्ही आमचं पाणी बंद केलंत. गावानं केलं होतं तसंच.

आई म्हणाली, “गानं नेलं तं नेलं. पन पानी काऊन तोडलं त्यानं? चाल, मी येतो.”

मी म्हटलं, “तू गाशील?”

“मंग काय तू गाशीन? तुले सूर हाय का?”

काल सभा झाली. सगळे काळ्या कपड्यांत, आई पांढऱ्या साडीत, विहारात जाताना नेसते त्या. दारातच प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देत होते. वर तुमचा फोटो, खाली विहीर-तहानेच्या त्या दोन ओळी आणि त्यांच्याखाली तुमचं नाव. आईनं ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि कमरेला खोचलं. फ्रेंच झालं, पोलिश झालं, जपानी झालं. मग माझं नाव पुकारलं. मी आईला घेऊन वर गेले. माईक तिच्या उंचीला आणायला एक जण धावला. आई दोन्ही हात पुढे धरून गायला लागली, मांडीवर सूप असावं तसे. चारी ओळी. शेवटची ओळ तर तिनं दोनदा म्हटली, दुसऱ्यांदा अशी की पार मागच्या रांगेतली माणसं ताठ बसली.

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतले एक प्रोफेसर उठून म्हणाले, फारच सुंदर भाषांतर, पण कार्डावरच्या दोन ओळींच्या यांनी चार केल्या?

बास. याचीच मी वाट पाहत होते. मी माईक माझ्याकडे ओढला. मी म्हटलं, “हे भाषांतर नाही. हे मूळ आहे. भाषांतर तुमच्या हातातल्या कार्डावर आहे, आणि दोन ओळी त्यात कमी आहेत. ही बाई माझी आई. हे गाणं तिचं आहे. सरांना ते मी दिलं होतं, आणि ते कुणाचं हे त्यांना ठाऊक होतं.”

हॉलमध्ये तीनशे माणसं असतील. मॉरा माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं, उठून निघून जाईल. वाईट वाटलं तिच्यासाठी, खोटं कशाला सांगू. तरी थांबले नाही. म्हटलं, “सरांनी पहिल्या दिवशी मला शिकवलं की नाव बिघडवलं की जमीन घेणं सोपं जातं. नाव नीट येईपर्यंत ते कुणाला सोडायचे नाहीत. आज आपण सरांची आठवण त्यांच्याच पद्धतीनं करू. माझ्यामागून म्हणा. भागरथाबाई संपत रामटेके.”

आई मला मराठीत विचारत होती, काय झालं वं? आणि मग एक आवाज आला, बसलेला, घोगरा. मॉराचा. “बा-ग-रा...” चुकला. तिनं परत सुरुवात केली. मग आपल्या गुरुवारच्या वर्गातले दोघं-तिघं. मग ते प्रोफेसर. मग अख्खा हॉल. पहिल्यांदा घोटाळा झाला, मी थांबवलं आणि परत म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा ‘भ’ आला, ‘थ’ राहिला. तिसऱ्यांदा आडनावात अडखळले. आई तोंडावर पदर धरून हसत होती.

चौथ्यांदा बरोबर आलं, सर. तीनशे परक्या माणसांना चौथ्यांदा जमलं. तुम्हाला ते एकदाच म्हणायचं होतं.